दहा पावलांवरून गाडी

शेजारच्या आप्पांना गाडी चालवता येत नव्हती, पण आमच्या कंधारमध्ये त्यांना नेल्याशिवाय कुणी गाडी घेत नसे. आप्पांचं कापडाचं दुकान. नांदेडच्या शोरूममधली पोरं मायलेज, एअरबॅग सांगून घसा कोरडा करायची. आप्पा गाडीचं दारसुद्धा उघडायचे नाहीत. मोजून दहा पावलं मागे जायचे, धोतर सावरून डोळे बारीक करायचे. "साडी काय नेसणारीला दिसती का? बघणाऱ्याला दिसती. गाडीचं बी तसंच हाय," असं त्यांचं म्हणणं.

निकाल ठरलेला असे. पांढरी आणि उंच. एका गुरुजींनी परस्पर छोटी गाडी घेतली, तर आप्पा त्यांना वर्षभर "गाडी आणली का खेळणं?" विचारत राहिले. शेवटी गुरुजी ती गल्लीच्या टोकाला लावून घरी चालत येऊ लागले.

मला खरं तर बुटकीच गाडी हवी होती. आईचे गुडघे गेलेले, धर्माबादच्या मावशीकडे तिला बसने जाववत नव्हतं. आप्पांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "माय तर आत बसणार. बघणार गाव. लई इचार करू नको." आणि मी, चांगला शिकलेला माणूस, पांढरी उंच गाडी घेऊन आलो. सनरूफसकट! आमच्याकडच्या उन्हात ते छप्पर उघडायची हिंमत कुणाची झाली नाही.

नारळ फुटला, पेढे वाटले आणि आईला गाडीत चढताच येईना. उचललेला पाय खाली ठेवत ती म्हणाली, "राहू दे, तुम्हीच फिरून या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आप्पा दहा पावलांवर उभे होते. तिथूनच घरी गेले, स्वतःचा जेवायचा पाट घेऊन आले आणि वाकून दारापाशी मांडला.

"जेवायच्या पाटावर पाय कसा ठेवू?" आई म्हणाली.

"ठेवा वैनी. मी खाली बसून जेवीन."

तेव्हापासून पाट डिकीत. मावशीकडच्या फेऱ्या सुरू झाल्या. आप्पा मात्र सुधारले नाहीत. पुढच्याच आठवड्यात आणखी एकाला पांढरी, उंच घ्यायला लावली, फक्त म्हणाले, "पाट बी घे."

गेल्या वर्षी आप्पा गेले. मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं. आणि आई त्या पाटावर पाय ठेवीना. "ते जेवत होते त्यावर," एवढंच म्हणाली. दुसरा पाटही तिला नको होता. मावशीकडे जाणं थांबलं.

शेवटी मी ती गाडी विकली, बुटकी घेतली. या वेळी शोरूमला आईलाच नेलं. ती आपली आपण आत बसली. सवयीनं मी मोजून दहा पावलं मागे गेलो. गाडी काही खास दिसत नव्हती. आई दिसत होती.