आज पुन्हा राब भाजला

मित्रांनो, आज सकाळी मुठा खोऱ्यातल्या आमच्या शेतात वाळलेलं शेण, पाला, ऐनाच्या फांद्या पसरल्या, हात जोडले आणि काडी लावली. भाताचं रोप टाकायची जागा आम्ही अशीच भाजतो, यालाच राब भाजणं म्हणतात.

यंदा जाळायचं नाही, शेण खत म्हणूनच घालायचं, असं बायकोशी ठरलं होतं. पण तण माजेल या भीतीनं मी तिला न विचारताच पेटवलं.

ती धावत आली. "वर्सभर शेण मी गोळा केलं, अन् तुमी घटकेत धूर केला? आता पळा पौडला, युरिया आणा!"

मी देवाचं नाव घेऊन मातीचाच घास जाळला.

एका वाफ्यापुरतं शेण उरलंय. तुमच्यापैकी कुणी न भाजता रोप केलंय का? तण किती आलं, खरं सांगा.