पाण्याचा मान

आमच्या यांनी नागापूरला खोली बघून ठेवली होती. तिथल्या कारखान्यात काम मिळत होतं. जत्रा झाली की सामान टेम्पोत भरायचं, घराला कुलूप लावायचं आणि जमीन वाट्याने द्यायची, असं ठरलं होतं. त्यांचं चुकत होतं असंही नाही. आमचं गाव धरणात गेलं, तेव्हा बेलापूरकडच्या या गावाला लागून आम्हाला घरासाठी जागा आणि थोडं रान मिळालं. त्याला बरीच वर्षं झाली, तरी गावात आम्ही अजून धरणवालेच. हे म्हणायचे, "इथं आपलं कोन हाय? नागापूरला निदान समदेच परके असत्यात."

पण माझं मन जायला घेत नव्हतं. जुन्या गावात जत्रेला प्रत्येक घराचा काही ना काही मान असायचा. कुणाचा तेलाचा, कुणाचा हळदीचा, आमचा पाण्याचा. देवीच्या आंघोळीची पहिली घागर आमच्या घरच्या सुनेने नदीवरून आणायची. मी मुळात भित्री. चारचौघांत मला बोलता येत नाही. पण ती घागर डोक्यावर असली की सगळं गाव बघत असूनही लाज वाटत नसे. इथेही देवी आहे, पण इथले मान इथल्या घरांत आधीपासून वाटलेले. आम्ही मागे उभं राहून हात जोडायचे. ही देवी आपल्याला ओळखते तरी का, असं अलीकडे मनात येऊ लागलं होतं. त्या साली मी तिला मनातच म्हणाले, "आई, तुझ्या घरात मला एक काम दे. दिलंस तर मी यांना अडवीन. नाही दिलंस तर मुकाट्याने जाईन." हे मी कुणालाही सांगितलं नाही.

जत्रेच्या आठवड्यात एक मॅडम आमच्याकडे उतरल्या होत्या. त्या विद्यापीठात भूगोल शिकवायच्या. भाकरी थापताना मी धीर करून विचारलं, "भूगोल म्हणजे डोंगर आणि नद्या ना?" त्या हसल्या. "माणसं एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी कशी बसतात, हाही भूगोलच." लढाईमुळे देश सोडून आलेल्या लोकांच्या छावण्यांत त्या राहिल्या होत्या. देवळं, मशिदी, चर्च अशा लोकांना कसा हात देतात, हे बघण्यातच त्यांचे केस पांढरे झाले होते. आम्ही नवे आलो, तेव्हा इथल्या देवळाने आम्हाला किती तरी दिवस जेवू घातलं, ते मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "जेवायला कुणी दिलं, हे सगळीकडे सांगतात. आलेल्या माणसांकडून कुणी काही मागून घेतलं का, असं विचारलं की लोक गप्प होतात." मी तव्यावरची भाकरी उलटली. मॅडम स्वतः देव मानत नव्हत्या. तसं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

जत्रेच्या सकाळी देवळापुढे सगळे जमले. देवीची पूजा गुरवांकडे असते. त्यांच्या घरच्या काकू रिकामी घागर घेऊन पायरीवर गुडघे चोळत बसल्या होत्या.

"काकू, उठा की! देवी पारोशी बसलीया," कुणीतरी ओरडलं.

"तुझं पाय काढून दे, लगीच जाते," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात मॅडमनी माझ्याकडे हात करून मोठ्याने विचारलं, "या ताईंच्या घराचा मान कोणता?"

असं कुणी विचारत नाही. ज्याला मान नाही, त्याला चारचौघांत तसं विचारणं म्हणजे उघडं पाडणं. मॅडमना ते ठाऊक नव्हतं. पुढे बसलेले एक म्हातारबाबा म्हणाले, "धरनवाल्यांचा कसला मान? परसाद घ्यायचा आन जायचं."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. मॅडमनी पुन्हा विचारलं, "मग जुन्या गावात होता का?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. मागून हेच म्हणाले, "पान्याचा हुता."

काकूंनी मान वर केली. "पान्याचा? अगं बये! आमचं पान्याचं घर पुन्याला जाऊन बसलंय. तवापास्नं मीच वाहतीय. आन तू मागं हुबी राहून माझी गंमत बघतीस व्हय?"

"अहो, पंचांना तरी इचारा," म्हातारबाबा म्हणाले.

"मग पंचांनी आनावं पानी!" असं म्हणून काकूंनी घागर माझ्या हातात दिली. सगळे हसले. म्हातारबाबाही हसले.

मी प्रवरेवर गेले. आमच्या बुडालेल्या गावाची नदीही हीच. देवळाच्या वाटेवर लोक बाजूला सरून मला वाट देत होते. देवीच्या अंगावर पाणी पडलं आणि मला रडू आवरेना.

यांना अडवायची वेळच आली नाही. दुपारी जेवताना तेच म्हणाले, "मान घेतला म्हंजी घर उघडं ठेवाया पायजे. टेम्पोवाल्याला न्हाई म्हनून सांगतो." आता ते एकटेच नागापूरला कामाला जातात आणि सुट्टीला घरी येतात. दगदग होते, पण घराला कुलूप नाही.

निघताना मॅडमना मी माझं मागणं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी तर सगळीकडे विचारते तेच विचारलं हो." चमत्कार झाला असं मीही म्हणत नाही. एका बाईचे गुडघे दुखत होते, एक घर गाव सोडून गेलं होतं आणि एका बाईला आमची रीत माहीत नव्हती. पण माझं तोंड उघडत नव्हतं, म्हणून देवीने तिला न मानणारीच्या तोंडून विचारलं, असं मला वाटतं. आपण मनातलं तिच्यापुढे ठेवावं. ते कुणाच्या हातून, कोणत्या वाटेने यावं, हे तिच्यावर सोडावं. गावात काहीजण मला अजून धरणवालीच म्हणतात. म्हणू देत. आई, इतकी वर्षं मी घेणारीच होते. तू माझ्याकडून पाणी मागून घेतलंस, हे तुझं देणं माझ्याच्याने फिटायचं नाही.