शहजादीभाभींनी आजारी पाडलेला नवरा

मांडवगण फराट्यात आमच्या झेंडूच्या रानाला लागूनच शहजादीभाभींच्या कोंबड्यांच्या दोन शेड आहेत. यंदा पहिल्या शेडमध्ये मर लागली. पक्षी घरघरायचे, माना टाकायचे. पिल्लं देणाऱ्या कंपनीच्या डॉक्टरांनी मेलेला पक्षी चिरून बघितला.

"ई-कोलाय आहे, जंतूंचा आजार. औषध देतो. पण दुसऱ्या शेडकडं कुणाला फिरकू देऊ नका. माणसांच्या पायांनी जातो हा."

दुसरी शेडही गेली असती तर कंपनी पुन्हा पिल्लं देणार नव्हती, आणि भाभींचं घर तर त्यावरच चालतं.

आता आमच्या गावाची रीत अशी, की कुणाचं वाईट झालं की जाऊन डोळ्यांनी बघून यायचं. नुसतं विचारून भागत नाही. त्यात बघायला येणारे निम्मे स्वतःच कोंबड्यावाले. बबनराव तर आपल्या शेडमधून थेट आले, चपलांना तूस तसाच.

"आजारी बघितलं भाभी, आता बरं असलेलं बी दाखवा की!"

नको म्हणावं तर माणुसकी सोडली म्हणणार. त्यांना कसंबसं चहावर कटवलं आणि भाभींनी नवऱ्याला, म्हणजे पाशाभाईंना, फाटकाबाहेर चिंचेखाली बाजेवर झोपवलं. वर गोधडी.

"मला काय झालंय?"

"कोंबड्यांचं टेन्शन घेतलंय. कण्हा जरा."

"आन् जेवण?"

"आजाऱ्याला भूक लागत न्हाई."

झालं! कोंबड्यांना सगळे विसरले. शहाळी आली, बिस्किटं आली. गिताबाईंनी मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. रांजणगावच्या कारखान्यातल्या कामगारांनी तर आपली बस थांबवली. एकजण उतरून म्हणाला, "चाचा, हिम्मत रखो." जो तो म्हणे, रंग पार उतरलाय हो. शहाळ्यांनी पाशाभाईंचे गाल वर आले होते; तरी एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, "ताई, खरंच काय न्हाई ना मला?"

संध्याकाळी दिवा लावताना मी अडले. मागायचं तरी काय? शेवटी म्हटलं, देवा, त्या पक्ष्यांना आयुष्य दे, पण कापायला न्यायची गाडी येईपर्यंतच. भाभींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी बी दुव्यात तेवढंच मागते."

पहिल्या शेडमधले बरेच गेले. दुसरीतले मात्र गाडी आली तेव्हा ठणठणीत होते. वजनाचा काटा फाटकाबाहेर रस्त्याच्या पलीकडच्या कडेला मांडला होता. मालकानं तिथं उभं राहायला पाहिजे म्हणून पाशाभाई उठायला लागले, तर बबनराव ओरडले, "आजारी माणसाला चालवता व्हय?" चौघांनी बाज खांद्यावर घेतली. रस्त्यानं जाणारा एक मोटारसायकलवाला थांबला, टोपी काढून हात जोडून उभा राहिला.

"आरं, जित्ता हाय मी!" पाशाभाई वरून ओरडले.

वजन चांगलं भरलं. कंपनीचा माणूस म्हणाला, शेड धुऊन चुना मारा, पुढची पिल्लं देतो. भाभींनी पदरानं डोळे पुसले.

"आता उठू का?" पाशाभाईंनी विचारलं.

"थांबा. दौंडहून तुमची बहीण सुफिया निघालीय तुम्हाला बघायला. तिच्यापुरतं पडा."