मावशींच्या बंगईला स्प्रिंग

जानेफळला गेलो तेव्हा मला स्प्रिंगांतलं एवढंच कळत होतं, की मध्ये बोट घालू नये. शाळा सातवीत सुटली होती. कोकणातून एसटी, आगगाडी आणि पुन्हा एसटी असं करत मी तिथं एका ऑइल इंजिन दुरुस्तीच्या दुकानात लागलो. नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. विहिरींवरच्या मोटा जाऊन इंजिनं येत होती आणि ती बिघडतही होती, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं.

राहायला जागा मावशींनी दिली. मावशी म्हणजे गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या विधवा. शेती स्वतः पाहायच्या. मी कोणाचा कोण, तरी मागची खोली उघडून दिली आणि पहिल्याच दिवशी ताटात ज्वारीची भाकरी वाढून म्हणाल्या, "खाय. भात काय तुह्या कोकणातच राहू दे." मला ती भाकरी पचायला महिना लागला. तोवर त्यांनी मला घालवून दिलं नाही, हे मी अजून विसरलेलो नाही.

त्यांचा कारभार बंगईवरून चाले. बंगई म्हणजे ओसरीच्या तुळईला साखळ्यांनी टांगलेली रुंद फळी. मावशी तिच्या डाव्या टोकाला, साखळीला टेकून बसत, कारण तिथूनच दारातून खळं, विहीर आणि कामाला उशिरा येणारी माणसं दिसत. उजव्या टोकाला पानाचा डबा.

कापूस वेचणीच्या तोंडावर मावशी बैलगाडीतून उतरताना पडल्या. मेहकरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाड शाबूत आहे, पण पाठीला हिसका बसता कामा नये. बंगईवर बसताना साखळ्या हिसका देतातच, म्हणून बंगई बंद. मावशी आतल्या खोलीत खाटेवर. त्यांचे दीर रोज चौकशीला येऊ लागले. म्हणायचे, "वयनी, तुम्ही आता आराम करा. वावराचं मी पाहून घेतो." हे ते बंगईवर बसून म्हणायचे. हळूहळू गडी त्यांनाच विचारून कामाला जायला लागले.

मावशींनी मला बोलावलं. "तू इंजिनाचा डॉक्टर ना? मंग या बंगईचा हिसका काढ. मी अशी खाटेवर पडून राह्यली तर वावर गेलंच समज."

मी दुकानातल्या भंगारातून दोन ताणाच्या स्प्रिंगा आणल्या. ताणाची म्हणजे ओढली की लांबते ती. दोन्ही टोकांना तिच्याच तारेचा वळवलेला आकडा. बंगईच्या दोन्ही बाजूंच्या साखळ्या वर एकेका कडीत येत. कडी आणि तुळईच्या मध्ये एकेक स्प्रिंग लावली, फळीवर मधोमध ज्वारीचं पोतं ठेवून पाहिलं. फळी मऊ खाली गेली. मग मावशी बसल्या. हिसका नाही. म्हणाल्या, "आता मी उठत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर पाहिलं. डाव्या स्प्रिंगच्या आकड्याचं तोंड उघडायला लागलं होतं. पोतं मी मधोमध ठेवलं होतं, त्याचं वजन दोघींत वाटलं गेलं. मावशी मधोमध बसत नव्हत्या. अख्ख्या मावशी डाव्या स्प्रिंगवर होत्या.

"मावशी, खाली उतरा."

"काऊन?"

"आकडा उघडतोय."

"उघडू दे. या बायांसंग वेचणीचं बोलून राह्यली मी. अन् तोंड काऊन पाडलं रे? कोणी मेलं का?"

अजून नाही, असं मी मनात म्हटलं. स्प्रिंगच्या जोडीला जाड दोर थोडा ढिला बांधला आणि दुकानाकडे पळालो.

आमचे मिस्त्री पूर्वी रेल्वेच्या कारखान्यात होते. "ताणाच्या स्प्रिंगचा जीव आकड्यात असते," ते म्हणाले. "आकडा गेला की माणूस खाली. माणूस टांगायचा तर ड्रॉबारची घ्यावं." जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. जाड तारेची दाबाची स्प्रिंग; तिच्या पोटातून इंग्रजी यूसारख्या वाकवलेल्या दोन सळया, एक वरून, एक खालून, आणि प्रत्येकीनं पलीकडचं टोक धरलेलं. ओढलं की स्प्रिंग लांबत नाही, दबते. फार ओढलं तर वेढ्यावर वेढा बसून थांबते. तार तुटली तरी सळया एकमेकींना सोडत नाहीत.

"पण कोणती लावशीन? कडक घेतली तर दबणारच नाई, हिसका तसाच. नरम घेतली तर आधीच दबून बसंल, अन् वरून दणका. वजन किती बाईचं?"

"माहीत नाही."

"विचार ना बे."

"तुम्ही विचारा."

मिस्त्रींनी पाना उचलला आणि ते एका इंजिनाकडे वळले.

मावशींच्या अंगणात कापसाचा काटा होता. मी आधी काट्याकडे पाहिलं, मग मावशींकडे.

"माह्याकडं पाहू नको," त्या म्हणाल्या. "मी काय कापूस हाय?"

मग ध्यानात आलं, की लावलेली स्प्रिंग हाच काटा आहे. मावशी बसल्या असताना फळी कुठवर येते तिथं दाराच्या चौकटीवर कोळशानं रेघ मारली. त्या जेवायला उठल्या तसं त्यांच्याच जागी पोतं ठेवलं. फळी रेघेपर्यंत आली नाही. गडी वरून पायलीनं ज्वारी ओतायला लागला.

"अजून लागते बे!" तो ओरडला.

आतून आवाज आला, "काय लागते?"

"काही नाही, मावशी."

"कोकण्या, हे गावात गेलं तर तुले त्याच पोत्यात घालून धाडीन."

गावात गेलं. माझ्याकडून नाही.

फळी रेघेला आली तेवढं वजन मिस्त्रींनी आणि मी भंगारातल्या दाबाच्या स्प्रिंगांवर एकेक करून ठेवून पाहिलं. एक हललीच नाही. एक पार बसली. तिसरी निम्म्यावर थांबली. म्हणजे बसताना दबायला जागा, आणि शिवाय शिल्लक. तिची जोडीही सापडली. लोहारानं सळया वाकवून दिल्या. मावशी बसल्या, फळी दोन बोटं खाली गेली आणि थांबली. त्यांनी पाठीवर हात नेला, काही शोधल्यासारखा, आणि परत आणून पान लावायला घेतलं.

तिसऱ्या प्रहरी दीर आले. बंगईवर मावशींना पाहून दारात थबकले, मग पानाचा डबा सरकवून उजव्या टोकाला नेहमीसारखे धपकन बसले. ते मावशींहून बरेच जड होते. उजवी स्प्रिंग वेढ्यावर वेढा बसेपर्यंत दबली, टक्क वाजली आणि थांबली. मी दीरांकडे पाहिलंच नाही, मावशींच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यांची बाजू थोडी कलली, एवढंच. त्यांचा चुना लावायचा हात थांबला नाही.

"बसा भाऊजी, तुटत नाई ते. वावराचं काय म्हणत होते?"

दीरांनी वर स्प्रिंगकडे पाहिलं. "नाई, म्हटलं, वेचणी कवा धरता?"

"उद्या. तुमची गाडी लागंल मले."

"धाडतो," ते म्हणाले, आणि मावशींनी लावलेलं पान त्यांनी घेतलं.