हौसामावशीचा दीड रुपया

हौसामावशी बँकेच्या पायऱ्या चढताना दिसली की आमचे चिटणीससाहेब संडासात जायचे. अकाउंटंट माणूस, टाय लावणारा, रोज पुण्याहून येऊन आमच्या चिंचवडच्या शाखेवर उपकार करणारा. पण मावशीचं हिरवं लुगडं दारात दिसलं की त्यांच्या पोटात कळ यायचीच. मावशी काउंटरवर पासबुक उघडून ठेवायची, एका ओळीवर बोट टेकवायची आणि एकच शब्द बोलायची, "कशाचे?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. उत्तर मिळेपर्यंत ते बोट हलत नसे. मागची रांग कितीही चुळबुळली तरी ती वळून बघत नसे.

मावशीची स्टेशनजवळ खानावळ होती. ही गोष्ट पंच्याहत्तरच्या आसपासची. कारखान्यांत कामाला आलेली मराठवाड्याची, कोकणातली पोरं तिच्याकडे महिन्याच्या बोलीवर जेवायची. मी बँकेतला कारकून, सडाफटिंग, मीही त्यांतलाच. तिला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण तशी आमटी पुन्हा खाल्ली नाही आणि तसं बोलणंही पुन्हा खाल्लं नाही. पानात भाजी टाकली तर "आयनं ह्येच शिकवलं का?" आणि जास्त मागितली तर "बापानं आगाव भरल्यात का?" नवरा महादूअण्णा कारखान्यात हेल्पर होता. गरीब गाय. त्याला ती भर पंगतीत 'आमचं बुजगावणं' म्हणायची आणि तो रिकामी पातेली उचलत हसायचा. मला त्याची कीव यायची आणि तिचा संताप यायचा. खरं सांगायचं तर संताप अजूनही येतो.

त्यांना एकच मुलगी, कमल. ती खानावळीत जेवणाऱ्या परभणीकडच्या एका फिटरबरोबर निघून गेली. जात वेगळी, त्यामुळे लग्न परस्पर उरकलेलं. मावशीचा हिशेब सरळ होता: मेल्यानं दोन महिन्यांची बाकी बुडवली ती बुडवली, वर पोरगीही नेली. "कमल मेली," असं तिने त्या रात्री पंगतीत जाहीर केलं आणि भात वाढायला घेतला. त्यानंतर त्या घरात ते नाव कुणी काढलं नाही. एका नव्या पोराने न कळून विचारलं, तर त्याच्यासमोरचं ताट तिने उचललं. पोटच्या पोरीवर इतका दात धरणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

वर्षभराने महादूअण्णा शिफ्ट सुटल्यावर माझ्या काउंटरशी येऊन उभा राहिला. फिटरची नोकरी गेली होती, दोघं बार्शीला होती, कमलला दिवस गेले होते. अण्णाला दरमहा पन्नास रुपये पाठवायचे होते. मनिऑर्डर करायची सोय नव्हती, कारण मनिऑर्डरची पोच सही होऊन घरी येते, आणि आमचा पोस्टमन जेवायला मावशीकडेच. तेव्हा बँकेतून बँकेत, मेल ट्रान्सफरने पाठवायचं ठरलं. खातं दोघांच्या नावावर होतं आणि कुणाही एकाची सही चालायची. घरी त्याने सांगितलं की हे पन्नास कंपनीतल्या भिशीत जातात. बँकेची पाठवणावळ होती दीड रुपया. ती तो रोख आणून माझ्या हातावर ठेवायचा, म्हणजे पासबुकात नुसता पन्नासाचा आकडा.

"भाऊसाहेब, तिला कळलं तर पोरीचं पन्नास बी बंद व्हत्याल," तो म्हणाला. "तेवढं सांभाळा." मी सांभाळतो म्हणालो. दोनेक वर्षं सांभाळलंही.

मग चिटणीस बदलून आले. सुटे पैसे हातात घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. "खात्यातून वळते करा, आपण बँक आहोत, पानाची टपरी नाही," असा त्यांनी हुकूम काढला. त्या महिन्यात मावशीच्या पासबुकात पन्नासाखाली एक नवी ओळ आली: एम. टी. चार्जेस, दीड रुपया. पन्नास मावशीला ठाऊक होते. दीड रुपया ठाऊक नव्हता.

"कशाचे?"

चिटणीस म्हणाले, चार्जेस. मावशी म्हणाली, ते दिसतंय, पण कशाचे? ते म्हणाले, बँकेचे, हेड ऑफिसचा नियम आहे. राष्ट्रीयीकरणाने आमच्या बँकेत एवढाच फरक पडला होता, की पूर्वीचे शेटजींचे नियम आता हेड ऑफिसचे झाले होते. दीड रुपयासाठी जुन्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यांत हात कोण घालणार, हा त्यांचा खरा नियम. मावशी दुसऱ्या महिन्यात आली, तिसऱ्या महिन्यात आली. मी हळूच माझ्या खिशातले पैसे पुढे केले, म्हटलं मावशी, चूक झाली असेल, हे घ्या. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी हात मागे घेतला. "तुजे कशाला? बँकेनं घेतल्यात, बँकच दील."

बँक काही देईना. तेव्हा मावशीने आमचीच फिरकी घेतली. दुपारी आम्हा सगळ्यांचे डबे तिच्याकडूनच यायचे, चिटणीसांचासुद्धा. महिनाअखेरीला डब्याच्या हिशेबाची चिठ्ठी आली. वर जेवणाचे पैसे, आणि खाली प्रत्येकाच्या नावावर जादा दीड रुपया. पुढे फक्त 'चार्जेस', मराठीत. चिटणीस तणतणत खानावळीत गेले. हे कशाचे म्हणून विचारलं, तर मावशी भाकरी थापता थापता म्हणाली, "नियम हाय."

"कुणाचा?"

"हेड हाफिसचा. त्ये चुलीम्हागं बसलंय, जावा इचारायला."

पंगत खो खो हसली. चिटणीसांनी मुकाट दीड रुपया दिला, कारण दुसरा डबा आणणार कुठून? त्या दिवसापासून त्यांची संडासाची वारंवारता वाढली. आणि मला मात्र घाम फुटायला लागला होता. मावशी जितकी खोलात जाईल तितकी ती बार्शीच्या जवळ जाणार होती, आणि हे त्या शाखेत एकट्या मलाच ठाऊक होतं.

शेवटी ती थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरली. म्हणाली, माझ्या पंगतीला बसणारी समदी पोरं तुमच्याकडं पगार ठेवत्यात, उद्याच्याला त्यांना समोरच्या बँकेत धाडते. ठेवींचं नाव निघाल्यावर मॅनेजर खुर्चीतून उठले. ज्या व्हाउचरासाठी महिनोन् महिने वेळ नव्हता, ते चिटणीसांनी पाच मिनिटांत धूळ झटकत माझ्या काउंटरवर आणलं.

"घ्या! तुमच्याच यजमानांची सही. आता बोला," ते म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. गणितात हुशार आणि माणसांत ढ, असा तो गृहस्थ.

व्हाउचर इंग्रजीत होतं. मावशी मराठी चौथीपर्यंत शिकलेली. तिने तो कागद माझ्यापुढे सरकवला. "वाच."

मी म्हटलं, मावशी, संध्याकाळी घरी येऊन सांगतो. ती म्हणाली, "हितंच." मी महादूअण्णाला दिलेला शब्द आठवत होतो आणि चिटणीस माझ्याकडे, याला वाचता येत नाही की काय, अशा नजरेने बघत होते. दुसरी वाट नव्हती. मी वाचलं. बार्शी शाखा. रुपये पन्नास. ज्यांना द्यायचे त्यांचं नाव, सौभाग्यवती कमल. पुढे फिटरचं आडनाव.

मावशीचं बोट कागदावर होतं, ते तिथेच राहिलं. ज्यातलं एक अक्षर तिला लागत नव्हतं, त्या ओळीकडे ती बघत राहिली. मला वाटलं आता भडका उडणार. मी मनातल्या मनात कमलचे पन्नास रुपये बंद करून टाकले.

"कवापासनं?" तिने विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

"दोन वर्षं होऊन गेली."

ती चिटणीसांकडे वळली. "पन्नासाला दीड रुपया. आन शंभराला?"

"शंभरापर्यंत दीडच."

"म्हंजी शंभर धाडलं तरी दीडच?"

"हो."

"मग पन्नास धाडणारं येडं हाय का?" ती म्हणाली. "बँकेला हमाली पुरी द्यायची आन पैसं निम्मं धाडायचं!" मग माझ्याकडे वळली. "काढ कागद. शंभर लिव्ह."

चिटणीसांना राहवलं नाही. म्हणजे आमचे चार्जेस बरोबरच होते, असं ते म्हणाले. मावशीने सही करता करता त्यांना सुनावलं, की बरोबर व्हतं तर पयल्या दिशीच सांगायचं, तोंडात काय गुळणी धरली व्हती? सहीला तिला बराच वेळ लागला. पासबुक कमरेला खोचून ती पायऱ्या उतरून गेली. त्या रात्री जेवायला गेलो तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आमटीत मीठ मात्र नव्हतं, आणि तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

पुढच्या महिन्यात महादूअण्णा आला. नेहमीसारखा इकडेतिकडे बघत. मी मागच्या महिन्यातला नवा कागद त्याच्यापुढे धरला. शंभराचा आकडा त्याने वाचला, मग खालची सही वाचली.

"तिनं वाचलं?"

"मी वाचून दाखवलं."

"नाव बी?"

"नावही."

"घरात तर कायच बोलली न्हाई." मग त्याने विचारलं, "हितं काय म्हणली?"

सांगावं की नाही असं मला झालं. पण त्याने माझा हात धरून ठेवला होता. म्हटलं, "पन्नास धाडणारं येडं हाय का, असं म्हणाली."

महादूअण्णाने डोळ्यांवरून सदऱ्याची बाही फिरवली. मग समोरच्या बाकावर बसला आणि त्याच्या दुपारच्या शिफ्टचा भोंगा झाला तरी उठला नाही. बँकेची दारं लावायची वेळ झाली तेव्हा पुन्हा माझ्याजवळ आला.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "काय म्हणली त्ये आनखी येकदा सांगा की."

मी पुन्हा सांगितलं.