वाकडी चांदणी

वाशिमच्या बसस्टँडवर शिरपूरच्या बसची वाट पाहत होतो. शेजारी एक मुलगी झोपलेलं लेकरू धरावं तशी मांडीवर लाकडी पेटी धरून बसली होती. विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातली संशोधक. विभागात प्रयोगशाळा चांगली आहे म्हणाली, पण खेड्यातली माणसं तिथे कशाला येतील? म्हणून उपकरण मागून घेऊन तीच गावोगाव निघाली होती.

पलीकडच्या म्हातारीनं विचारलं, "काय हाय व माय त्यात?"

पेटीत आरसा होता. कागदावरची चांदणी फक्त आरशात पाहून गिरवायची. हात हमखास उलटा जातो.

"मले नाही जमत." म्हातारीनं हात पदराखाली घेतला.

मुलीनं आधी स्वतः गिरवून दाखवली. रेघ पार भरकटली. म्हातारी खुदकन हसली आणि तिनं आपणहून पेन्सिल मागितली.

तिची चांदणी झाल्यावर मुलगी तिचं वय लिहू लागली, डाव्या हातानं. मघाशी पेन्सिल उजव्या हातात होती.

"मुद्दाम?" मी हळूच विचारलं.

"डाव्यानं तं आता सवयीनं सरळच निघते. पण आधी आपली फजिती दाखवा लागते. नाही तं माणूस राह्यते बाजूले, अन् आपण त्याचं भेवच मोजून आणतो."

विभागाच्या उपकरणांच्या यादीत हा उजवा हात कोण लिहिणार!

बस लागली. म्हातारी उठली आणि मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मन लहान करू नोको व माय. करता करता येईन तुले."

मुलीनं मान खाली घातली. "हो, आजी."