मीटरवाला आणि उत्तरेची दरी

धुकं इतकं दाट उतरलं होतं की मीटरवाल्याला घराआधी दार दिसत होतं. भिंत चाचपत तो मागच्या अंगाला जायचा, पाण्याच्या मीटरचं झाकण उचलायचा, ओली काच अंगठ्याने पुसून आकडा टिपायचा. बावीस वर्षं हेच काम. घर चुकवायचं नाही, कुत्रं अंगावर आलं तरी आकडा घेऊनच पळायचं.

घरी बायको वाट बघत असायची. त्याची कमी, दुपारच्या हिंडण्याची जास्त. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तीन जिने तिला डोंगर झाले होते. दीड वर्षात ती खाली उतरली नव्हती. मग भाच्याने आपला जुना गेम त्यांच्या टीव्हीला जोडून दिला. त्यात एक अफाट मुलूख होता आणि राक्षस मारायला निघालेला घोडेस्वार. राक्षस राहिला बाजूला, हे दोघं नुसते भटकायचे. बटणं तो दाबायचा, वाट ती सांगायची.

"त्या धुराकडे घ्या. कुणीतरी चूल पेटवलीय."

पलंगावर बसल्या बसल्या ती ओढे ओलांडायची. पाखरं उडाली की खरोखर मान वर करायची.

एके दिवशी उत्तरेची दरी लागली. वरून कौलं, पायवाटा, धूसर झाडी. "आज नको उतरायला," ती म्हणाली. "दोन-तीन दिवस नुसती मनात घोळू दे."

मीटरवाल्याला वाटलं, दरीत बघण्यासारखं काय ते बिचारी कुठे शोधत बसणार? ती दुपारची झोपली की तो एकटाच दरीत उतरू लागला. हाताला सवय होतीच. डावीकडचं पहिलं घर, त्याचं मागचं अंग, मग दुसरं. तळघरं, विहिरी, गोठे. तीन दुपारी लागल्या, पण एक दार सुटलं नाही. जिथे पाऊल पडलं तिथे नकाशावर खूण उमटत गेली.

चौथ्या दिवशी त्याने मोठ्या कौतुकाने नकाशा उघडला. खुणांच्या फोडांनी दरीला देवी आल्यासारखं दिसत होतं.

"चांगलं तेवढंच बघू. पाय वाचतील."

"कुणाचे?"

तो हसला. ती हसली नाही. "सगळ्या दारांतून आधी तुम्ही जाऊन आलात. मी काय आता पडताळणीला जाऊ? बंद करा ते."

चार दिवस टीव्ही बंद राहिला. ती भिंतीकडे तोंड करून पडायची, ताटात निम्मं तसंच ठेवायची. तिचं बाहेर जाणं एवढंच होतं, आणि ते आपण आपल्या हाताने बुजवलं, हे त्याला घास गिळताना कळायचं. त्याने भाच्याला फोन केला.

"मामा, पाहिलेलं पुसता येत नाही," भाचा म्हणाला.

पाचव्या दिवशी त्याने कंट्रोलर तिच्या मांडीवर ठेवला. "तूच चालव."

"बोटांची लाकडं झालीत माझ्या."

"घोडा तक्रार करत नाही."

घोडा दोनदा झाडावर आदळला.

"अगं, डावीकडे..."

"गप्प बसा."

नकाशा तिने उघडलाच नाही. गाव मागे टाकून ती एका बोडक्या टेकडीकडे निघाली.

"तिकडे घरच नाही, म्हणून मी गेलो नाही. काही नाही तिथे."

"तुम्हाला घर नसलं की काही नसतंच."

घोडा घसरला, पुन्हा चढला. मदतीला शिवशिवणारे हात मीटरवाल्याने मांडीखाली दाबून धरले.

माथ्यावर खरंच काही नव्हतं. पेटी नाही, खजिना नाही. गुडघाभर गवत वाऱ्याने निजत होतं, उठत होतं. पलीकडच्या अंगाला मात्र, दरीतून कुठूनच न दिसणारं एक तळं होतं, आणि त्याच्या तळाशी ढग चालले होते. ती बटणांना हात न लावता बघत राहिली. घोड्याने मान खाली घातली आणि तो चरू लागला.

"हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"नाही."

"खरं?"

"तुझी शपथ."

ती पलंगावर जराशी सरकली. "मग बसा इथे. तुम्हीही पहिल्यांदाच आलाय."

तो तिच्या शेजारी टेकला. मग तिने घोडा तळ्याकडे वळवला, तो भलतीकडेच निघाला. सकाळी भिजवलेले कपडे पिळायचे राहिले होते. घोडा तिच्या हाती सोडून मीटरवाला उठला आणि बाह्या सारत मोरीकडे गेला.